लाल दाणे, पांढरे दाणे

राजमा मला आवडत नाही. आमच्या झाडीपट्टीत तो कधी शिजला नाही. तिकडे वाल, लाखोळी, बरबटी. मँचेस्टरला मुलाच्या घरी राहायला आले तेव्हा सून आठवड्यातून एकदा राजमा करायची आणि मी तो ताटात बाजूला सारायची. तरी आज आमच्या स्वयंपाकघरात एक बरणी लाल राजम्याची आणि एक पांढऱ्या राजम्याची आहे, आणि त्यांना मी कोणाला हात लावू देत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही.

नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. तेव्हा नात प्राथमिक शाळेत होती. आता ती स्वतः मोठ्या मुलांच्या शाळेत बायोलॉजी शिकवते. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मध्ये नाला होता, विषय संपला. नात म्हणते, आजी, तू शिकली असतीस तर सायंटिस्ट झाली असतीस. मी म्हणते, झाले असते की नाही ठाऊक नाही, पण तुझ्या बापाला जन्म द्यायला सवड मिळाली नसती, मग तू कुठून आली असतीस?

तिचं लग्न कसं जमलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

इथली आपली माणसं एप्रिलात एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जयंती करतात. वंदना होते, भाषणं होतात, पोरं कंटाळतात, मग जेवण. त्या जेवणात एक उंच, सावळा मुलगा न सांगता रिकामी ताटं उचलत होता. मी त्याला हाक मारली.

"कोणाचा रे तू?"

"नागपूरचा, आजी. इथे आयटीत आहे."

"नागपूरचं कोणीच नसतं. आजाचं गाव सांग."

त्याने गाव सांगितलं. माझ्या माहेरापासून दोन कोसांवर. मध्ये फक्त तलाव. मी त्याला तिथेच खुर्चीवर बसवलं. मामकूळ कोणतं, आजीचं माहेर कोणतं, आत्या कुठे कुठे दिल्या, सगळं विचारून घेतलं. नातं कुठेच लागत नव्हतं. नात शेजारी उभी राहून हसत होती. पुढे ती दोघं आमच्याशिवायच भेटू लागली आणि लग्न ठरलं, तेव्हा माझा मुलगा दोन दिवस जमिनीवर नव्हता.

"माय, आपल्यातला! तोही शिकलेला, निर्व्यसनी. नवस सोडले नसते तर आज फेडला असता एखादा."

मी नातीला म्हटलं, "एवढ्या लांब जन्म घेतला आणि तलावापलीकडचाच पोरगा शोधला. मग तुझ्या बापाने विमानाला पैसे कशाला घातले?"

आपल्या लोकांची ही खोडच आहे. सातासमुद्रापार जातील आणि उतरल्या उतरल्या आपल्या तालुक्याचं माणूस शोधतील. सापडलं की जिंकल्यासारखं वाटतं. मुलाने स्वतः नाशिककडची बायको केली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मुलीने आपल्या भागातला आणला तेव्हा त्याच नातेवाइकांनी फोनवर आनंद केला. आम्ही पत्रिका पाहत नाही, ते सोडून दिलं. नातं पाहतो, मुलाची वागणूक पाहतो. आणखी काय पाहायचं असतं ते आमच्या घरात कोणाला सुचलं नाही. पुढे आमच्या घरात रक्ताचं जे दुखणं निघालं, त्याची नागपूरकडे हल्ली कॉलेजात तपासणी होते म्हणे. नातजावई म्हणाला, आमच्याकडे झाली त्या दिवशी मी गेलोच नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात नातीला दिवस गेले. इथे दिवस गेले की मिडवाइफ दंडातून रक्त काढून घेते, हजार तपासण्या करतात. तिच्या रक्तात काहीतरी सापडलं. मग नवऱ्याला बोलावून त्याचंही घेतलं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी सकाळी ती एकटी आत आली. हातात टेस्कोची पिशवी, पिशवीत राजम्याची दोन पाकिटं. नवरा बाहेर गाडीतच बसून होता.

"त्याला आत बोलाव."

"तो येणार नाही. आजी, टेबलवर बस. मला तुला एक गोष्ट सांगायचा आहे आणि मला मराठीत नाही येत."

"मग इंग्रजीत सांग, बाप मराठी करून देईल."

"बाबा नको. बाबा रडेल."

माझा मुलगा वर अंघोळीला गेला होता. सून बाजारात. मी बसले.

तिने दोन्ही पाकिटं फोडली. थोडे लाल दाणे आणि थोडे पांढरे दाणे एका कापडी पिशवीत घातले आणि पिशवी हलवली. म्हणाली, शाळेत मुलांना मी हे असंच शिकवते. दाणे हाताला सारखेच लागले पाहिजेत, नाहीतर मुलं चीटिंग करतात.

"प्रत्येक माणसाला एक दाणा आईकडून, एक बाबाकडून. डोळे मिट आणि दोन काढ."

मी काढले. एक लाल, एक पांढरा.

"हा कॅरियर. याला काही होत नाही. उलट डासाच्या गावात याला मलेरिया कमी त्रास देते. मी हा आहे. तो बाहेर बसलाय, तो पण हाच आहे. परत काढ."

दोन पांढरे आले.

"हा एकदम हेल्दी. पण डासाच्या गावात लहानपणी तापाने जास्त मरतो."

पुढे तिने स्वतःच शोधून दोन लाल काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"याला आजार होतो, सिकल सेल. रक्तातल्या सेलचा शेप बदलतो." तिने बोटाने टेबलावर वाकडी रेघ काढली. "असा."

"विळा," मी म्हटलं.

"असेल. तो मग नळीत अडकतो. खूप दुखतं. हाडं, पोट, सगळं."

मग तिने खेळ पुढे सांगितला. जे मरतात त्यांचे दाणे बाजूच्या वाडग्यात. जे जगतात त्यांना मुलं होतात, त्यांचे दाणे पुन्हा पिशवीत. एक पिढी झाली की मोजायचं. पिशवीत लाल किती, पांढरे किती. पहिल्यापेक्षा वेगळं निघालं तर समजायचं की ते लोक बदलताहेत. इव्हॉल्व्ह होताहेत. शास्त्रज्ञ खऱ्या माणसांचं रक्त घेऊन हेच बघतात. कुठल्या गावात लाल दाणे जास्त आहेत ते दिसलं की कळतं, इथे पिढ्यान्‌पिढ्या ताप होता.

"एक एक माणूस बदलत नाही, आजी. सगळे मिळून बदलतात."

"कोणी बदलत नाही," मी म्हटलं. "मरतात. उरतात ते वेगळे दिसतात."

मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि आत बघून दाणे निवडू लागले.

"अगं, डोळे मिटून काढायचे!"

"मला बघूनच काढायचे आहेत."

मी दोन पांढरे काढून टेबलाच्या कडेला ठेवले. "हा माझा पहिला." त्याच्या शेजारी दोन लाल. "ही दुसरी." मग एक लाल आणि एक पांढरा. "आणि हा वर नळ सोडून गाणं म्हणतोय, तुझा बाप."

तिला दोन मुलं गेल्याचं माहीत होतं. पण आमच्या वेळी मुलं जायचीच, असं तिला वाटायचं. आम्हालाही तसंच वाटायचं. पहिला भोपळ्यासारखा होता. तिघांत तोच धडधाकट. भिंत धरून चालायला लागला होता. धान निसवायच्या दिवसांत त्याला हिवताप आला, ताप डोक्यात गेला, आणि बैलगाडीतून तालुक्याला नेईपर्यंत संपला. आमच्या गावी मलेरियावाले यायचे. भिंतींवर फवारा मारायचे, दारावर गेरूने तारीख लिहायचे, ताप असेल त्याचं बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचे. म्हणजे आमचं रक्त तेव्हाही घेतलं होतं. त्यांना त्यात ताप शोधायचा होता, त्यांनी तोच शोधला.

नात दाण्यांना हात लावत नव्हती. "आजी, हे पुस्तकात असंच असतं. एक्झॅक्टली असंच."

"पुस्तकात असेल."

"आजोबा पण कॅरियर असणार. तू आणि आजोबा रिलेटेड होते?"

"आत्याचा मुलगा. माझी आत्याच माझी सासू."

"ओ माय गॉड, आजी!"

"ओ माय गॉड काय त्यात? रीत होती. सासू ओळखीची असते, मारत नाही." मग मी म्हटलं, "आणि तुमचं तर काही नातं नव्हतं. मी स्वतः विचारलं होतं. तरी झालंच ना? रीत असो नसो, डास त्या सगळ्या गावांना एकच होता."

तिने पोटावर हात ठेवला. अजून काही दिसत नव्हतं. म्हणाली, "चारातला एक चान्स आहे, आजी, या बाळाला हे दोन लाल मिळायचा. मला तिच्याबद्दल सांग. तुझ्या मुलीबद्दल. ती कशी होती, तिला काय काय व्हायचं, सगळं. डॉक्टर सांगतात ते सगळं पेशंटचं असतं. मला तू सांग."

एवढ्यात मुलगा डोकं पुसत खाली आला. टेबलावरचे दाणे आणि मुलीचं तोंड बघून जिन्यातच थांबला. तिने त्याला इंग्रजीत सांगितलं. तो रडला नाही. माझ्यावर चिडला.

"माय, तू तिला काही सांगू नको. कशाला घाबरवते? तो जमाना वेगळा होता. गावात डॉक्टर नव्हता, काही नव्हतं."

"तिनं विचारलंय."

"तिला काय कळतंय काय विचारावं ते!"

"बाबा, आय ॲम थर्टी," नात म्हणाली. "तू पण बस."

तो बसला. आणि मी सांगितलं.

तान्ही असताना तिचे हातपाय सुजले. गुलगुल्यासारखे फुगले, हात लावला की किंचाळायची. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. डोळे नेहमी पिवळसर. चालायला उशिरा लागली. थंडी पडली की दुखणं सुरू. आज मांडी, उद्या पाठ, परवा दोन्ही कोपरं. लोक म्हणायचे, वात आहे. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीतल्या पाण्यात नुसती पाय बुडवून उभी राहिली की दुसऱ्या दिवशी उठायची नाही. बाप खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचा. तालुक्याच्या डॉक्टरने ताकदीच्या लाल गोळ्या दिल्या. वैदूने डागण्या दिल्या, त्या मी एकदाच देऊ दिल्या, दुसऱ्यांदा त्याला हाकलला. त्यापेक्षा वीट बरी होती. चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, जिथे दुखतं तिथे ठेवायची. तिचा अख्खा हिवाळा त्या विटेवर गेला. तिसरीत होती तेव्हा छातीत दुखायला लागलं आणि श्वास पुरेना. कडाक्याची थंडी होती. दिवसा गेली, माझ्यासमोर, मी वीट बदलत असताना.

माझा मुलगा तेव्हा रांगत होता. त्याला यातलं काही आठवायचं कारण नाही. तो खाली मान घालून दाण्यांकडे बघत होता, स्वतःच्या जोडीकडे.

"आजी," नात म्हणाली, "तुला आधी कळला असता, तर?"

"तर काय?"

"तर तू तिला... तू काय केलं असतं?"

मुलगा म्हणाला, "हे विचारू नको तिला." पण तिने विचारलं होतं.

मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाही. ती नसती तर बरं झालं असतं, असं मला एक दिवसही वाटलं नाही. आणि ती दुखण्याने ओरडायची तेव्हा, हिला आता ने, असंही मी म्हटलेलं आहे. दोन्ही खरं आहे. यातलं तुला कोणतं उपयोगाचं आहे ते तू बघ."

ती उठून बाहेर गाडीत जाऊन बसली. खिडकीतून मला दोघं दिसत होती. त्याने तिचा सीटबेल्ट लावला.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात जायचं होतं. ती म्हणाली, आजी, तू चल. बारीक वेण्या घातलेली एक काळी बाई होती, अशा जोडप्यांना समजावून सांगणं एवढंच तिचं काम. तिने आधी मला खुर्ची दिली. बोलता बोलता म्हणाली, माझ्या सख्ख्या भावाला हेच आहे. मी नातीला म्हटलं, विचार तिला, आमच्या गावचं दुखणं तिच्या घरी कसं पोचलं? ती बाई हसली. म्हणाली, तिचे आजा-आजी जमैकातून आले, त्यांच्या आधीचे आफ्रिकेतून नेलेले. तिकडेही डास, तिकडेही ताप. तिकडचा लाल दाणा वेगळा उगवला, आमच्याकडचा वेगळा उगवला, एकाने दुसऱ्याकडून घेतलेला नाही. पण तापाने दोन्ही ठिकाणी तेच केलं. मला तिचा भाऊ जिवंत आहे याचंच नवल वाटत होतं. मी त्याचं वय विचारलं. चाळिशीचा आहे, बस चालवतो, वर्षातून काही वेळा ॲडमिट होतो, कधी कधी दुखण्याने भिंतीवर डोकं आपटतो, असं तिने सांगितलं. तीही काही लपवणारी नव्हती. मला ती आवडली.

निघताना मी नातीकरवी आणखी एक विचारलं. इथे डास नाहीत, ताप नाही. मग इथे या लाल दाण्याचं काय होणार?

"इथे त्याचा फायदा नाही," ती म्हणाली. "पिढ्या जातील तसं कमी होत जाईल."

ट्राममध्ये बसल्यावर मी तेच चघळत होते. कमी होत जाईल. कसं होईल? आपोआप होणार नाही. दाणा माणसात असतो. तिकडे लाल दाणे वाढले ते माझ्या पहिल्यासारखी पांढरी पोरं मेली म्हणून वाढले. इकडे कमी होतील ते कोणाची तरी लाल पोरं मोठी झाली नाहीत, नाहीतर जन्मलीच नाहीत, म्हणून होतील. वाढलं तरी पोरं, कमी झालं तरी पोरं. आणि माझा पहिला इथे जन्मला असता तर आज या ट्राममध्ये माझ्या शेजारी म्हातारा होऊन बसला असता. ट्राममध्ये कोणी रडत नाही. मीही रडले नाही.

मग पोटात सुई घालून तपासणी केली. काही दिवसांनी फोन आला. नात तेव्हा आमच्याकडे होती. फोन कानाला लावून ती नुसती "येस, येस" म्हणत होती. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन लाल."

मूल होऊ द्यावं अशी नातजावयाची इच्छा होती. मला एकटीला गाठून तो म्हणाला, "आजी, इथे औषधं आहेत. जन्मल्यापासून पेनिसिलिन देतात. नवीन नवीन ट्रीटमेंट येताहेत. त्या बाईचा भाऊ जगतोय ना? तुम्ही तिला समजावा."

"मी काय समजावू? मी तिला जे पाहिलं ते सांगितलं."

"मग ते दुसरंही सांगा."

"दुसरं कोणतं?"

त्यालाही सांगता येईना. ताटं उचलणारा पोरगा तो, त्याला हाताला काम लागतं आणि इथे काही काम नव्हतं.

त्या दिवसांत ती दोघं फार चालायची. शाळेतून आली की कालव्याच्या कडेने अंधार पडेपर्यंत. एका रविवारी येऊन तिने आईला सांगितलं की ठरलं, आम्ही हे पुढे नेणार नाही. सून रडली. मुलगा मागच्या दारात जाऊन कौन्सिलच्या डब्यांमधला कचरा उगाच इकडचा तिकडे करत राहिला. नातजावई तिचा हात धरून उभा होता. त्याने ते मान्य केलं होतं की सोसलं होतं, ते मला कळलं नाही. मी कोणालाच कारण विचारलं नाही. माझ्या सांगण्याने तिचं ठरलं का, हेही विचारलं नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. नाही सांगितलं तरी चालेल.

त्या शनिवारचे दाणे मी तेव्हाच बरण्यांत भरले होते, लाल वेगळे, पांढरे वेगळे. तिने ते नंतर मागितले नाहीत. तो धडा या वर्षी तिने दुसऱ्या टीचरला दिला. माझ्या मुलांचे सहा दाणे त्यांतच आहेत. कोणते, ते आता ओळखू येणार नाहीत. म्हणून मी कोणाला शिजवू देत नाही.

हॉस्पिटलातून तिला आमच्याकडेच आणलं. तिथून दिलेल्या कागदावर दोन पॅरासिटामॉल आणि आराम एवढंच होतं. मी सुनेला म्हटलं, खारीक, खोबरं, डिंक आण, सुंठ आण.

"आई, ते बाळंतिणीला देतात."

"मग ही कोण आहे?"

सून बसने जाऊन घेऊन आली. मी लाडू वळले. कढत पाण्याने तिला अंघोळ घातली, पाठ चोळली, कंबर आवळून बांधली. इथल्या न्हाणीत बसायला जागा नसते, टबात स्टूल ठेवलं. ती सगळं करून घेत होती. मग म्हणाली, "आजी, बाळ तर नाही ना. मग हे सगळं कशासाठी?"

"पोट रिकामं झालं की बाई बाळंतीणच. पोर कुठे गेलं ते अंगाला कळत नाही. अंग वाट बघतं."

तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी पाणी घालत राहिले. थांबायचं काही कारण नव्हतं, पाणी गार झालं असतं.

तिच्या पोटाला शेक हवा होता. सुनेने रबरी पिशवी आणली. त्या पिशवीत मला दम वाटत नाही. मागच्या अंगणात कुंपणाची एक वीट सुटून पडली होती. ती धुतली आणि ओव्हनमध्ये ठेवली.

"आई!" सून स्वयंपाकघरातून ओरडली. "ओव्हनमध्ये वीट कोणी ठेवली?"

"केक करतेय," मी म्हटलं.

वीट फडक्यात गुंडाळून मी नातीच्या पोटावर ठेवली. नातजावई पायाशी बसला होता. बाहेर दुपारीच दिवे लागले होते. थोड्या वेळाने तिने डोळे न उघडता विचारलं, "आजी, ती हसायची का कधी?"

"कोण?"

"तुझी मुलगी. तू सगळं सांगितलं, ते सांगितलं नाही."

मला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिने दुखणं विचारलं, मी दुखणं सांगितलं. नातजावयाने दुसरं सांगा म्हटलं तेव्हा मला उमगलं नव्हतं तो काय म्हणतोय. आता उमगलं, आणि आता उशीर झाला होता. तरी सांगितलं.

हसायची. फार वाह्यात होती. आमच्या शेजारी नवीन नवरी आली होती, तिचं बघून बघून ही सगळं शिकलेली. विटेला ती आपला नवरा म्हणायची. रात्रंदिवस जवळ घेऊन झोपते म्हणून. वीट गार झाली की हाक मारायची, "माय, माझा नवरा थंड पडला वं, त्याला चुलीत घाल!" तिच्या बापाला हसू आवरायचं नाही. म्हणायचा, अशी बायको मिळाली तर माणूस स्वतःहून चुलीत जाईल.

नात हसली. हसताना पोट दुखलं म्हणून तिने दोन्ही हातांनी वीट धरून ठेवली. नातजावईही हसला आणि मग तोंड भिंतीकडे करून बसला.

मी तिथेच खुर्चीत बसून होते. त्या वेण्यावाल्या बाईने म्हटलं तसं पिढ्यान्‌पिढ्यांत काय कमी व्हायचं ते होईल, ते कोणी तरी मोजेल. आमच्या घरात एक कमी झालं, ते मी पाहिलं.

ती झोपली असं मला वाटलं होतं. पण तिने वीट उचलून माझ्यापुढे धरली.

"आजी, नवरा थंड झाली."

मी ती घेतली आणि पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायला खाली गेले.